त्यांनी मारलं की यांनी मारलं? गावातल्या राजकीय मारहाणीचे आरोप कागदावर तपासण्याबाबत

पऱ्हाटी

निवडणुकीचा हंगाम आला की तालुक्याच्या ग्रुपवर दोन याद्या फिरायला लागतात. एकीत लाल बावटेवाल्यांवर झालेले हल्ले, दुसरीत संघ-भाजपच्या कार्यकर्त्यांवर झालेले. दोन्हींत केरळ असतं, बंगाल असतं, आणि मधेच कुठेतरी आपल्याच भागातली ई-क्लासच्या (सरकारी गायरान) जमिनीवरच्या अतिक्रमणावरून झालेली मारामारी घुसवलेली असते. पानठेल्यावरचं भांडण यादीत जाईपर्यंत 'वैचारिक हल्ला' झालेलं असतं.

केरळ-बंगालवर भांडायला दुसरे धागे आहेत. इथे एवढंच बघू: आपल्या ठाण्याच्या हद्दीतला आरोप कोणालाही तपासता येतो का, आणि कसा.

आरोप कुठल्या पायरीवर आहे हे आधी विचारायचं. ठाण्यात जाऊन तोंडी सांगितलं, स्टेशन डायरीत नोंद झाली, अदखलपात्र नोंद (एन.सी.) मिळाली, गुन्हा दाखल झाला, दोषारोपपत्र गेलं, निकाल लागला, अपिलात टिकला. या सगळ्यांना ग्रुपवर एकच शब्द असतो, 'केस'. आपल्या बाजूची एन.सी. आणि समोरच्याचा शाबित गुन्हा एकाच मापात मोजले की हवी ती यादी तयार होते.

नुसत्या हाताबुक्क्यांची मारहाण, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 115(2), अदखलपात्र आहे. पोलीस नोंद करून प्रत देतात, पण दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. म्हणून 'पोलिसांनी काहीच केलं नाही' ही ओरड पुष्कळदा पोलिसांच्या पक्षपातामुळे नसून कलमामुळे असते. काठी, दगड, कुऱ्हाडीचा दांडा आला की 118, हाड मोडलं की 117. हे दखलपात्र. 1 जुलै 2024 आधीची घटना असेल तर जुनी कलमं शोधा: 323, 324, 325. यादीत 2022 ची घटना आणि कलम 115 लिहिलेलं दिसलं तर लिहिणाऱ्याने कागद पाहिलेला नाही एवढं पक्कं.

गुन्हा दाखल असेल तर प्रत मिळवणं अवघड नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निर्देशांनुसार गुन्ह्याची प्रत 24 तासांत संकेतस्थळावर टाकायची असते, नेटवर्कची अडचण असेल तर 72 तासांपर्यंत. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा, ठाणं आणि तारीख टाकून बघता येतं. लैंगिक गुन्हे, दहशतवाद, बंडखोरी यांच्या प्रती तिथे नसतात. फिर्यादीला आणि पीडिताला प्रत फुकट मिळते, तो हक्कच आहे.

प्रत हाती आली की तीन वेगवेगळ्या वेळा टिपायच्या: घटनेची, ठाण्यात खबर मिळाल्याची, आणि गुन्हा नोंदवल्याची.

---

कोर्टाची_पायरी

चांगला धागा. वेळेच्या मुद्द्यात भर घालतो.

घटना संध्याकाळी 6 ची आणि रिपोर्ट दुसऱ्या दिवशी दुपारी, असं असेल तर मधल्या वेळात काय झालं हा प्रश्न कोर्ट विचारतंच. उशीर झाला की फिर्यादीला मीठ-मसाला लागण्याची शक्यता वाढते, हे तत्त्व 1972 च्या थुलिया काली प्रकरणापासून प्रत्येक वकिलाच्या तोंडी आहे. पण उशीर म्हणजे खोटेपणा नव्हे. पायवाटेच्या गावातून रात्री ठाण्यात पोचणं, जखमीला आधी दवाखान्यात नेणं, ही कारणं कोर्ट मानतं. कारण फिर्यादीतच लिहिलेलं हवं, नंतर सुचलेलं चालत नाही.

नवीन कायद्यात एक गोष्ट बदलली ती लोकांना माहीत नाही. शिक्षा 3 वर्षं किंवा जास्त पण 7 पेक्षा कमी असेल, तर उपअधीक्षकाच्या परवानगीने 14 दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशी करता येते (नागरिक सुरक्षा संहिता, 173(3)). म्हणजे काठीने मारहाणीच्या तक्रारीवर आठ दिवस गुन्हा नोंदला नाही तर ते बेकायदा असेलच असं नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालच्या तक्रारीला मात्र ही चाळणी लागत नाही. तिथे कलम 18-अ प्राथमिक चौकशीची गरजच काढून टाकतं.

ठाणेदार घेतच नसेल तर: लेखी तक्रार पोलीस अधीक्षकाकडे, पोस्टाने आणि पोचपावतीसह. तरीही हालचाल नाही तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे 175(3) चा अर्ज, सोबत शपथपत्र. अधीक्षकाकडची पायरी गाळून थेट कोर्टात गेलेले अर्ज हमखास मागे येतात.

---

नाल्याकाठी

हे सगळं बरोबर हाय भाऊ, पन नावं टाकतेत त्याचं काय? मारणारे तिघं, रिपोर्टात नावं बावीस. घरात निजेल म्हातारा बी आरोपी. दोनी पार्ट्या हेच करतेत. लाल झेंडेवाले काय अन् भगवे काय.

---

कोर्टाची_पायरी

@नाल्याकाठी, भाऊ, त्यामागे द्वेष असतो तसं गणितही असतं. पाच किंवा जास्त माणसं झाली की 'बेकायदेशीर जमाव' (189), आणि जमावाने बळ वापरलं की 'दंगल' (191). दोन्ही दखलपात्र. म्हणजे चौघांनी हाताने मारलं तर एन.सी., पाचवं नाव घातलं की गुन्हा दाखल आणि अटकेची शक्यता. वर कलम 190 मुळे जमावातला प्रत्येकजण सगळ्यांच्या कृत्याला जबाबदार. पाचवं नाव कोणाचं, तर समोरच्या पक्षाच्या उमेदवाराचं किंवा त्याच्या भावाचं. निवडणुकीच्या तोंडावर त्याला आठ दिवस कोर्टाच्या चकरा मारायला लावणं हा हेतू.

वाचताना बघायचं: कोणी कशाने कुठे मारलं हे नावागणिक लिहिलंय का, की 'वरील सर्वांनी संगनमत करून' एवढंच आहे? जमावाच्या प्रकरणात दोन-तीन साक्षीदारांनी सुसंगतपणे नाव घेतल्याशिवाय शिक्षा करू नये, असा सावधगिरीचा निकष सर्वोच्च न्यायालयाने 1964 च्या मसाल्टी प्रकरणात मान्य केला. त्यामुळे बावीसपैकी अठरा सुटतात. मग सुटलेल्यांचा पक्ष म्हणतो 'खोटी केस होती' आणि चौघांना शिक्षा झाली म्हणून दुसरा पक्ष म्हणतो 'शाबित झालं'. कागद एकच, पोस्ट दोन.

---

सालई

दवाखान्याच्या कागदावर कोणी बोललं नाही. माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी वाचला जाणारा कागद आहे.

ग्रामीण रुग्णालयात मारहाणीचा जखमी आला की एमएलसी (वैद्यकीय-न्यायिक प्रकरण) नोंद होते आणि ठाण्याला कळवलं जातं. त्यात चार गोष्टी शोधा. तपासणीची वेळ. जखमेचा प्रकार: खरचटलेली, मुका मार, फाटलेली, कापलेली. लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये आणि नेमकी जागा. आणि जखम किती जुनी याचं मत.

मुक्या माराचा रंग बोलतो. सुरुवातीला लालसर, पहिले तीनेक दिवस निळसर, चौथ्या दिवसाच्या आसपास काळपट-तपकिरी, पाचव्या-सहाव्या दिवशी हिरवट, आठवड्यानंतर पिवळा, दोन आठवड्यांत दिसेनासा. वय, कातडीचा रंग, जागा यांप्रमाणे मागेपुढे होतं, पण 'काल संध्याकाळी मारलं' म्हणून टाकलेल्या फोटोत पाठ पिवळी-हिरवी दिसत असेल तर तो फोटो कालचा नाही.

दुसरी गफलत डोक्याच्या जखमेची. कवटीवर कातडी ताणलेली असते, खाली लगेच हाड. त्यामुळे काठीच्या फटक्याने पडलेली जखमही सरळ कापल्यासारखी दिसते. 'तलवारीने वार' हा मथळा इथून जन्माला येतो. डॉक्टर भिंगाने कडा पाहतो: कडा चेचलेल्या असतील, केसांची मुळं दबलेली असतील, आत धागे शिल्लक असतील तर ती बोथट वस्तूची. प्रमाणपत्रात 'बोथट' लिहिलंय आणि फिर्यादीत 'तलवार', अशा वेळी प्रमाणपत्र धरा.

आणि 'गंभीर दुखापत' हा शब्द कायद्याचा आहे, रक्त किती गेलं त्याचा नाही. मोडलेलं हाड किंवा दात, दृष्टी वा ऐकणं कायमचं जाणं, चेहऱ्यावर कायमची विद्रूपता, किंवा 15 दिवस तीव्र वेदना किंवा नेहमीची कामं न जमणं (जुन्या कायद्यात 20 दिवस). टाके सात पडले तरी हाड शाबूत असेल तर बहुधा साधी दुखापतच. क्ष-किरण अहवाल उशिरा आला की मागाहून कलमवाढ होते. ती 'वरून दबाव आला म्हणून कलम वाढवलं' अशी वाचली जाते. अहवालाची तारीख बघितली की कळतं.

---

विदर्भवादी_नाही

सगळं तांत्रिक छान आहे, पण मूळ मुद्दा टाळताय. डाव्यांची हिंसा ही संघटित आहे. गडचिरोलीत 1 मे 2019 ला जांभुळखेड्याला 15 जवान आणि एक चालक गेले. ते कोणत्या यादीत?

---

इंधन_विहीर

आणि पानसरे, दाभोलकर कोणत्या यादीत? कृष्णा देसाई? 5 जून 1970 ला मुंबईत भाकपच्या या आमदाराचा खून झाला आणि त्याच जागेच्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचा पहिला आमदार निवडून आला. उजव्यांची हिंसा काय असंघटित असते?

---

पऱ्हाटी

दोघेही थांबा. तुमचे प्रश्न रास्त आहेत, म्हणूनच यादीला रकाने हवेत.

जांभुळखेडा हा बंदी असलेल्या भाकप (माओवादी)चा भूसुरुंग स्फोट. त्याची मोजणी गृह मंत्रालय 'डावा अतिरेकी हिंसाचार' या वेगळ्या शीर्षकाखाली करतं. तो आकडा किसान सभेच्या किंवा भाकपच्या तालुका कार्यकर्त्यांच्या नावावर चढवणं ही पहिली चलाखी. अमरावतीने 1989 मध्ये सुदाम देशमुखांना भाकपच्या तिकिटावर लोकसभेत पाठवलं. ती मतपेटीतली डावी परंपरा आणि अबुझमाडमधली बंदूक एका रकान्यात बसत नाहीत. उलट बाजूची चलाखी अशी की गावातली प्रत्येक जातीय किंवा धार्मिक मारहाण 'उजव्यांचा हल्ला' म्हणून मोजायची, आरोपी कुठल्या संघटनेचा आहे याचा कागद नसला तरी.

आणि तिसरे असतात ते दोन्ही रकान्यांत न बसणारे. केरळात 4 मे 2012 ला टी. पी. चंद्रशेखरन यांचा खून झाला. ते माकप सोडून वेगळा डावा पक्ष काढलेले. 2014 मध्ये शिक्षा झालेल्यांत माकपचे स्थानिक पदाधिकारी होते. डाव्याने डाव्याला मारलं. उजव्यांच्या यादीत ते 'डाव्यांची हिंसा' म्हणून येतं, डाव्यांच्या यादीत बहुतेक येतच नाही. त्याच केरळात 1 डिसेंबर 1999 ला भाजप युवा मोर्चाचे शिक्षक जयकृष्णन यांना वर्गात मुलांसमोर मारलं, आणि त्याच वर्षी ओणमच्या दिवशी माकपचे पी. जयराजन यांच्यावर घरात घुसून हल्ला झाला. यातली एकच घटना सांगणारी यादी बाजूला ठेवायची.

---

आकडेमोड

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे टाकून जे भांडतात त्यांच्यासाठी.

खुनाच्या तक्त्यात 'राजकीय कारण' असा रकाना आहे. दंगलीच्या तक्त्यातही 'राजकीय' आहे. पण त्यात पक्ष नसतो. डावा-उजवा काहीच नसतं. मेलेला कोण आणि मारणारा कोण हे तिथून निघत नाही. तरी 'सरकारी आकड्यांनुसार डाव्यांनी इतके मारले' असं लिहिलेलं दिसतं. त्या तक्त्यातून ते काढणं शक्यच नाही.

मोजणीचा नियम 'मुख्य गुन्हा' हा आहे. एका गुन्ह्यात खून, दंगल, मारहाण अशी कलमं असली तर तो फक्त सगळ्यात गंभीर कलमाखाली एकदा मोजला जातो. म्हणून दंगलीत खून झाला की दंगलीच्या तक्त्यात एक कमी. आणि साध्या मारहाणीला राजकीय कारणाचा रकाना नाही, म्हणजे गावातली 90 टक्के भांडणं... (90 हा आकडा तोंडी लावण्यापुरता, कोणी स्क्रीनशॉट काढू नका) तिथे येतच नाहीत.

वरून आपल्याकडे 2007 पासून तंटामुक्त गाव मोहीम. समितीत मिटलेलं भांडण कुठल्याच आकड्यात नाही.

---

ठाण्यासमोर

'अमुक नेत्यावर 14 गुन्हे' या वाक्याबद्दल. त्याचं निवडणुकीचं प्रतिज्ञापत्र उघडून कलमं बघा. मोर्चे काढणाऱ्या माणसावर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 च्या मनाई आदेशाचा भंग म्हणून 135 लागलेलं असतं. जिल्ह्यात असे आदेश एकामागोमाग 15-15 दिवसांचे निघत राहतात. कापूस-सोयाबीनच्या भावासाठी रस्ता अडवला तरी 135. हा हिंसाचार नाही. डाव्या शेतकरी नेत्यांच्या नावावर आणि उजव्या संघटनांच्या पोरांच्या नावावर, दोघांच्याही, याचीच रास असते.

तसंच 'प्रतिबंधक कारवाई'. सणासुदीला, निवडणुकीला दोन्ही गटांना नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 126 ची (जुनी 107) नोटीस जाते, तहसीलदारासमोर जास्तीत जास्त एका वर्षाचं शांततेचं बंधपत्र लिहून घेतात. गुन्हा घडलेला नसतो. पण ग्रुपवर 'प्रशासनाने गुंड म्हणून नोटीस दिली'.

---

नाल्याकाठी

मंग क्रॉस केसचं सांगा. इकडून एक रिपोर्ट, दोन घंट्यानं तिकडून दुसरा. खरा कोनता?

---

कोर्टाची_पायरी

दोन्ही नोंदवायलाच हवेत. त्याच बाजूने त्याच घटनेचा दुसरा गुन्हा चालत नाही (टी. टी. अँटनी, 2001), पण समोरच्या बाजूची उलट फिर्याद चालते, हे 2004 च्या उपकार सिंग निकालात स्पष्ट झालं. दोन्ही खटले एकाच न्यायाधीशापुढे लागोपाठ चालतात. पहिल्याचा युक्तिवाद ऐकून निकाल राखून ठेवायचा, दुसरा ऐकायचा, मग दोन्ही निकाल एकदम. एकातला पुरावा दुसऱ्यात वापरता येत नाही.

खरा कोणता हे ठरवताना 'आधी कोण गेला' याला लोक फार किंमत देतात. ठाण्यापासून ज्याचं घर जवळ तो आधी पोचतो. त्यापेक्षा जखमा जोडून बघा. आरोपीच्याही अंगावर जखमा असतील आणि फिर्यादीत त्यांचा उल्लेखच नसेल तर फिर्यादी पूर्ण हकीकत सांगत नाही, हा अंदाज 1976 च्या लक्ष्मी सिंग निकालापासून कोर्टं काढत आली आहेत. अगदी किरकोळ जखमांना ते लागू नाही. मग घटनास्थळ पंचनामा: रक्ताची माती कोणाच्या अंगणात, कोणाच्या धुऱ्यावर? दगड, चपला, मोडलेली काठी कुठे? माणूस मार खायला दुसऱ्याच्या दारात क्वचित जातो.

पंचनामा त्याच दिवशी झाला का हेही महत्त्वाचं. पंच गावचेच असतात आणि वर्षभराने फितूर होतात, दोन्ही बाजूंना नातं असतं. आता जप्तीचं चित्रीकरण कायद्यानेच सक्तीचं आहे (नागरिक सुरक्षा संहिता, कलम 105), त्यामुळे 'कोऱ्या कागदावर सही घेतली' हे पालुपद थोडं कमी व्हावं.

---

सालई

व्हिडिओबद्दल राहिलं. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा व्हिडिओ पाठवला की तो दाबला जातो, तारीख-जागेची माहिती गळते, हॅश (फाइलचा डिजिटल ठसा) बदलतं. कोर्टात साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं: भाग 'अ' ज्याच्या ताब्यात उपकरण होतं त्याचा, भाग 'ब' तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश. म्हणून ज्याने चित्रण केलं त्याचा मूळ फोन जपायचा, फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायची, नाव बदलायचं नाही, काटछाट करायची नाही.

वाचणाऱ्यासाठी सोपी तपासणी: गाड्यांचे नंबर. 27 अमरावती, 29 यवतमाळ, 32 वर्धा, 33 गडचिरोली, 34 चंद्रपूर. 'आपल्या तालुक्यातला' म्हणून आलेल्या व्हिडिओत सगळ्या गाड्या केएल किंवा डब्ल्यूबी असतील तर काय ते समजा. दुकानांच्या पाट्यांची लिपी, शेतातलं पीक. फेब्रुवारीची घटना आणि मागे हिरवंगार सोयाबीन, हे सहसा जमत नाही.

---

विदर्भवादी_नाही

मान्य. पण निकालानंतरही वाद संपत नाही ना. माओवाद्यांशी संबंधांचा आरोप असलेले प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांना गडचिरोलीच्या कोर्टाने 2017 मध्ये जन्मठेप दिली, तुम्ही लोक त्यांना निर्दोष म्हणता.

---

इंधन_विहीर

'तुम्ही लोक' नाही, उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ म्हणतं. आधी 2022 मध्ये खटल्याला लागणाऱ्या सरकारी मंजुरीच्या मुद्द्यावर सोडलं, सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये तो निकाल रद्द करून पुन्हा ऐकायला लावलं, आणि 5 मार्च 2024 ला दुसऱ्या पीठानेही निर्दोष ठरवलं. तुमची यादी 2017 ला थांबली आहे.

---

ठाण्यासमोर

आणि तुमची दाभोलकरांबाबत अर्धी आहे. 10 मे 2024 च्या निकालात दोघांना जन्मठेप, तिघे सुटले, त्यात सूत्रधार म्हणून ज्याच्यावर आरोप होता तो. एक बाजू फक्त जन्मठेप सांगते, दुसरी फक्त सुटका. कोरेगाव भीमाचंही तेच. 2 जानेवारी 2018 ला पिंपरीत हिंदुत्ववादी नेत्यांविरुद्ध गुन्हा, 8 जानेवारीला पुण्याच्या विश्रामबाग ठाण्यात एल्गार परिषदेविरुद्ध. एका दंगलीची दोन कुळं. ज्याला जो हवा तो गुन्हा तो सांगतो.

---

आकडेमोड

समरीचं (तपास बंद करण्याच्या अहवालाचं) कोणी लिहिलं नाही. महाराष्ट्रात तपास बंद करताना तीन प्रकार: 'अ' म्हणजे घटना खरी, आरोपी मिळाला नाही. 'ब' म्हणजे खोडसाळपणे खोटी. 'क' म्हणजे गैरसमजातून, धड खरी नाही धड खोटी नाही, किंवा दिवाणी स्वरूपाची. तिन्हींवर ग्रुपवर एकच मथळा, 'केस खोटी निघाली'. फक्त 'ब' ला तसं म्हणता येतं, तेही दंडाधिकाऱ्याने स्वीकारल्यावर. फिर्यादीला विरोध नोंदवता येतो.

चौथा दरवाजा शासनाचा. राजकीय-सामाजिक आंदोलनातले खटले शासन निर्णयाने मागे घेतले जातात. जीवितहानी नसावी, मालमत्तेचं नुकसान 5 लाखांच्या वर नसावं, या त्यातल्या ठळक अटी. कोर्टाची परवानगी लागतेच (नागरिक सुरक्षा संहिता, कलम 360), आता पीडिताचं म्हणणं ऐकणंही बंधनकारक आहे, आणि आमदार-खासदार आरोपी असतील तर 2021 पासून उच्च न्यायालयाची परवानगी. खटला मागे घेणं म्हणजे निर्दोष ठरणं नव्हे. सत्ता कोणाचीही असो, आपल्या बाजूचे खटले या दरवाजातून जातात. त्यामुळे 'आमच्यावर एकही केस नाही' म्हणणाऱ्याला आधी किती होत्या ते विचारा.

---

नाल्याकाठी

निकालाचा कागद कुठून काढाचा? वकील पैसे मागते.

---

ठाण्यासमोर

ई-कोर्ट्सवर फुकट आहे, भाऊ. जिल्हा, न्यायालय संकुल निवडा, मग 'एफआयआर क्रमांक' हा पर्याय: ठाणं, गुन्हा क्रमांक, वर्ष. सीएनआर (खटल्याचा ओळख) क्रमांक 16 अंकी-अक्षरी मिळतो, तो लिहून ठेवा. अंतरिम आदेश आणि निकाल तिथेच दिसतात. सगळे चढवलेले नसतात. नसेल तर न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज, त्रयस्थालाही कारण देऊन मागता येते.

स्टेशन डायरीची किंवा एन.सी.ची माहिती हवी तर माहिती अधिकार: 10 रुपये, प्रतीपानाला 2 रुपये. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत. 'गेल्या पाच वर्षांतले सर्व राजकीय हल्ले' असं मागितलं तर 'अशी माहिती संकलित नाही' म्हणून परत येणार. ठाणं, तारीख आणि नोंद क्रमांक टाका. तपास चालू असल्याचं कारण देऊन नाकारलं तर त्याने तपासाला अडथळा कसा येतो हे त्यांनी लिहायला हवं. नुसतं कलम 8(1)(ज) लिहिलं असेल तर 30 दिवसांत पहिलं अपील टाका, ग्रामीण ठाण्याचं अपील बहुधा उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याकडे जातं, नाव नकाराच्या पत्रातच असतं.